ताई, फॉल फ्री आहे का?

१८ फेब्रुवारी

पडले! आणि अशी तशी नाही — घोडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून, हातात जांभळा शालू, तोंडावर हसू आणि समोर मोबाईल चालू!

लिहायला बसले असं लिहिणार होते. पण बसले कुठली, आडवीच आहे. वही पोटावर. काल ऑपरेशन झालं. उजव्या गुडघ्याखालचं हाड फुटलं होतं, तिथं आता प्लेट आणि स्क्रू. कमरेत इंजेक्शन दिलं आणि कमरेखाली मी संपलेच. पण कान चालू! पडद्याच्या पलीकडं ड्रिल मशीन — घर्रर्र! मी विचारलं, "सर, शेल्फ बसवायलेत का?" डॉक्टर हसले. भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हिला जरा जास्तच चढलंय." अजून उतरलेलं नाही बहुतेक. सकाळपासून उगंच हसू यायलंय. जिवंत आहे ना! मान शाबूत, डोकं शाबूत. दुकानातली निकिता म्हणाली, काउंटरची काच डोक्यापासून वीतभर लांब राहिली.

झालं ते असं. बन्सीधर शेठच्या दुकानात, परभणीला, मी साड्या दाखवते. शेठचा मुलगा योगीराज — आम्ही त्याला योगीभैया म्हणतो — दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की इन्स्टाग्रामवर दुकानाचं लाईव्ह करतो. हिरॉईन मी, कारण मला बोलायची लाज नाही. त्या दिवशी त्याच्या डोक्यात आलं — घोडीवर उभं राहून पदर धबधब्यासारखा खाली सोडायचा. एरवी निकिता खाली घोडी धरून उभी असते. भैया तिला म्हणाला, "तू फ्रेममधी येतीस, हो बाजूला." ती झाली बाजूला. "अजून वर, सुकेशनी! अजून एक पायरी! आता सोड पदर!"

सोडला. पदराच्या मागं मीपण आले.

२० फेब्रुवारी

शेठ आले. सफरचंदं, मोसंबी, बिस्किटं — माझ्या खाटेवर फळांचा गाडाच लागला. डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं. "बेटा, तू मला मुलीसारखी. दवाखान्याचं सगळं बिल मी भरलंय." आणि खरंच भरलंय. आईनं तर त्यांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

जाताना एक कागद काढला. "हिशोबाला लागतो, जरा सही कर." अर्धा वाचला — माझ्या हातून पडले, खर्च मालकाने केला, पुढे काही मागणार नाही, असं काहीतरी. सही केली. नुसती नाही, खाली दोन टिंबं देऊन, झोकात! शेठनी विचारलं, तब्येत कशी? म्हणलं, "जांभळ्या शालूची कशी आहे ते सांगा."

"एक डागही नाही गं," म्हणाले. जीव भांड्यात पडला.

२३ फेब्रुवारी

घरी. ताडकळस. पाय टेकवायचा नाही, दीड-दोन महिने. आई म्हणाली, "महाराणी झाली माय तू."

२७ फेब्रुवारी

मी फेमस!!

लाईव्ह असल्यामुळं पडणं सगळ्यांनी जागच्या जागी बघितलं. भैयानं नंतर दुकानाच्या पेजवरून काढून टाकलं, पण तोपर्यंत कुणीतरी रेकॉर्ड करून पुढं सोडलं होतं. दादाच्या — सिद्धोधनदादाच्या — मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जो येतो तो म्हणे तेच दाखवतो. दादा म्हणतो, "ती माझी बहीण हाय," तर लोक मोबाईल दुरुस्तीचे पैसे द्यायचे विसरायलेत.

आणि खालच्या कमेंटी! "पल्लू गिरा, फिर लडकी गिरी." "साडी दाखवा, सर्कस नको." पण पहिला नंबर एकीचा — "ताई, फॉल फ्री आहे का?"

अरे देवा! हसून हसून टाके ओढले. साडीला फॉल लावतात आणि इंग्रजीत पडण्यालाही फॉलच म्हणतात, हे आईला समजावून सांगितलं. ती आधी हसली. मग मोबाईल हातात घेऊन तिनं पुन्हा बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "बंद कर ते. बंद कर."

८ मार्च

पगार आला नाही. दादानं शेठना फोन केला. शेठ म्हणाले, "कामावर नाही तर पगार कशाचा? दवाखाना केला ना मी?" दादा तापला. "भरपाई मागू," म्हणाला. आई त्याच्यावर तापली. "गप बस. शेठनं दवाखाना केला तेच लय झालं. कोर्टात गेलेल्या पोरीला कोण करून घेईल? पायात लोखंड हाय तेच झाकायचं का दवंडी पिटायची?"

मी मधे खाटेवर. मला विचारतंय कोण!

मला विचारलं तर — मला दुकान पाहिजे. बस्ता बांधायला आलेली माणसं पाहिजेत. नवरीची आई एकीकडं ओढते, आत्या दुसरीकडं, नवरी बिचारी मोबाईलमध्ये. मग मी एक घडी सर्रकन उलगडते, काठ बोटावर घेते, आणि तिघी एकदम गप्प होतात. ते गप्प होणं! त्याच्यासाठी मी ताडकळस-परभणी एसटीत उभी राहून जाते. पायाचं काय, जोडला जाईल.

१५ मार्च

आज बबिता वकीलबाई येऊन गेल्या. दादाच्या वर्गात होत्या, माहेर इथलंच, वकिली परभणीत. बाजाराला आल्या होत्या. "जय भीम" केलं, माझ्या खाटेवर मांडी ठोकली, पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि फोडत फोडत कायदा सांगितला. मला वाटलं होतं कायदा म्हणजे चष्मा, काळा कोट. हा तर शेंगांच्या टरफलांत निघाला.

"पडलीस कुठं?"

"दुकानात."

"कामाच्या वेळेत? मालकाच्या सांगण्यावरून?"

"त्याच्या पोराच्या."

"झालं. अर्धी केस झाली."

"पण ताई, पाय माझाच घसरला की."

"कामावर लागलं की चूक कुणाची, हे तोलत बसत नाहीत. दारू पिऊन चढली होतीस का?"

आई आतून धावत आली. "अवो काय बोलता! माझी पोरगी च्या बी बिनसाखरेचा पेती!"

मग मी भीत भीत त्या सहीचं सांगितलं. दादा कपाळावर हात मारून बाहेरच गेला. ताई म्हणाल्या, "त्या कागदात भेळ बांध. मालकानं परस्पर लिहून घेतलं आणि कोर्टात नोंदवलं नाही, तर त्यानं तुझा हक्क जात नसतो." मला उठून नाचावंसं वाटलं. उठता येत नाही म्हणून हातानंच नाचले.

पैसे कसे ठरतात तेही सांगितलं. पगार किती, वय किती, आणि कमवायची ताकद किती टक्के गेली — या तिन्हींवरून. वय जितकं कमी तितकी रक्कम जास्त, कारण पुढं राबायची वर्षं जास्त. दवाखान्याचं बिल त्यात येत नाही. ते मालकानं भरायचंच असतं, उपकार नव्हे. घरी बसलेल्या दिवसांचा निम्मा पगार, तोही वेगळा.

"तुझं वय सव्वीस. कमीच की," म्हणाल्या. ऐकलंस का आई! जगात एक तरी कायदा आहे ज्याच्या लेखी मी अजून लहान आहे!

"आणि माझी नोकरी?" मी विचारलं.

ताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "त्याची खात्री मी देत नाही. शेठनं रुसू नये असं कुठल्या कलमात लिहिलेलं नाही."

आई लगेच, "ऐकलं का?"

१६ मार्च

विचार केला. दिवसभर केला. एकदा हो, एकदा नको. संध्याकाळी पाय उशीवरून खाली घ्यायला गेले आणि गुडघ्यातून असा काही करंट निघाला की किंचाळलेच. म्हणलं, हा पाय म्हातारपणापर्यंत मला पुरवायचाय. दादाला हाक मारली. "लाव फोन ताईंना."

आई माझ्याशी बोलत नाही. पण वरणात तूप घातलंय.

२४ मार्च

नोटीस गेली. शेठचा फोन आला. मी उगंच "हॅलोऽ" म्हणलं, नेहमीसारखं. आणि तिकडून! "मी तुला मुलगी मानलं आणि तू मला वकील दाखवतीस? दुकानाचं दार तुला बंद. समजलं?"

फोन ठेवल्यावर रडले. मग निकिताला फोन केला. ती म्हणाली, "वेडी हायस का? दार काचेचं हाय, दिसतंय की आतलं." हसायलाच लावलं मेलीनं. निकिता माझ्यानंतर वर्षानं दुकानात लागली. वडील नाहीत, धाकटा भाऊ शिकतोय. तरी म्हणते, "मी हाय ना. काय बघितलं ते सांगायला मी हाय."

१४ एप्रिल

जयंती! वॉकर मिळालाय! ठक-ठक-ठक करत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले — स्वतः! निळा ड्रेस, केसात गजरा, वॉकरला निळी रिबन. पोरींनी मला मिरवणुकीच्या कडेला खुर्चीवर बसवलं. डीजे सुरू झाला आणि सगळ्या माझ्याभोवती गोल करून नाचल्या. मी खुर्चीत बसून खांदे, मान, भुवया — जे जे हलतं ते सगळं हलवलं! आई लांब उभी होती. मग आली आणि माझ्या खुर्चीमागं उभी राहून दोन पावलं तीपण नाचली. बोलायला लागली एकदाची.

म्हणाली, "कर बाई तुझा दावा. पण माझ्यापुढं लंगडू नको, मला बघवत न्हाई."

९ मे

दावा लागला. आज तारीख होती. शेठच्या वकिलांनी लिहून दिलंय, की मुलगी कामाच्या वेळेत स्वतःच्या हौसेनं मोबाईलवर खेळत होती!

बबिताताई नुसत्या उठल्या आणि व्हिडिओ दाखवला. न्यायाधीश साहेबांनी बघितला. शिपायानं मागून मान लांब करून बघितला. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी टंकलेखन सोडून बघितला. आवाज मोठा होता — "नवीन स्टॉक आलाय, आपल्या दुकानाचा पत्ता खाली दिलाय," हे मी बोलते. मग भैयाचा — "अजून वर, सुकेशनी!" मग धाडकन.

साहेब म्हणाले, "हौसेनं दुकानाचा पत्ता कोण सांगतं हो?"

शेठ खाली बघत होते. मला त्यांची दया आली, खोटं कशाला लिहू. पण त्याहून जास्त हसू आलं. ते दाबताना उचकी लागली. साहेबांनी मलाच पाणी दिलं.

१२ जून

आज जे झालं ते मी मेले तरी विसरणार नाही.

दुपारी दारात गाडी थांबली. शेठ! हातात पेढ्यांचा बॉक्स! आईनं घाबरून दादाला बोलवायला शेजारच्या पोरीला पिटाळलं. शेठ ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "बेटा, विमा निघाला!"

कसला विमा? तर — दुकानासाठी बँकेचं कर्ज घेतलं तेव्हा बँकेनं नोकरांचा विमा उतरवायला लावला होता. हप्ता दरवर्षी खात्यातून कटतोय. शेठना वाटायचं तो आगीचा! परवा त्यांच्या वकिलांनी कागद चाळले तेव्हा कळलं. म्हणजे माझी भरपाई शेठनी द्यायचीच नाही, विमा कंपनी देणार!

"तीन महिने मी उगंच तुझ्यावर चिडलो गं," म्हणाले. आणि आता त्यांच्या तोंडात "आपण" आलंय. आपण असं करू, आपण तसं सांगू, आपण कंपनीला सोडायचं नाही! दादा आला तर शेठनी त्याला मिठीच मारली.

"मग दुकानाचं दार?" मी विचारलं.

"अगं, दार तुझंच हाय!"

ते गेल्यावर आई कितीतरी वेळ पेढ्याच्या बॉक्सकडं बघत होती. म्हणाली, "ह्या माणसाला नेमकं झालं काय?" मी म्हणलं, "फॉल फ्री झाला!"

२ जुलै

पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात पायाची तपासणी. टक्के तिथं ठरणार. आणि माझी पंचाईत अशी, की मी मस्त चालायलेय! काठीपण सोडली. कालच गल्लीत शेळीच्या मागं पळता पळता थांबले.

शेठचा फोन — "बेटा, डॉक्टरांसमोर एवढं टुणटुण चालू नको. जरा... समजतंय ना?" दोन महिन्यांपूर्वी मी हौसेनं खेळत होते म्हणणारा माणूस आता मला लंगडायला शिकवतोय!

दादाही त्यातलाच. संध्याकाळी अंगणात क्लास घेतला. "पाय ओढ. तोंड वाकडं कर. तसं न्हाई, तसं पोट दुखल्यासारखं दिसतंय." मी ओढला. आईनं ओट्यावरून ओरडून सांगितलं, "अगं तो डावा हाय! मोडला उजवा!" तिघं अंगणातच बसलो हसत. माझं बसणं म्हणजे दादाच्या खांद्याला धरून, पाय लांब करून.

मग बबिताताईंना कळलं. फोनवर एवढंच म्हणाल्या, "नाटक केलंस तर मी वकीलपत्र काढून घेईन. सरळ चाल. जे आहे ते आहे."

क्लास बंद.

१० जुलै

तपासणी झाली. सरळ चालत गेले, ऐटीत. डॉक्टरांनी चालण्याकडं धड बघितलंही नाही. मला टेबलावर घेतलं आणि कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं एक मोठं साधन गुडघ्याला लावलं.

"वाकवा. अजून. अजून वाकवा."

वाकेना.

"उकिडवं बसून दाखवा." नाही जमलं. "मांडी?" नाही.

"काम काय करता?"

"साड्या दाखवते."

"कुठं बसून?"

"गादीवर. मांडी घालून."

त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. नीट, माणसाकडं बघतात तसं. "आता पहिल्यासारखी मांडी बसणार नाही. व्यायाम करा, थोडा फरक पडेल. पण पूर्ण नाही."

मला वाटत होतं मी बरी झालेय.

बाहेर बाकावर बबिताताईंनी समजावलं, की पाय नुसता पाय म्हणून बघितला तर टक्के कमी भरतात. पण कायदा विचारतो, तुझ्या कामातली कमाई किती गेली? गादीवर बसून पोट भरणाऱ्या माणसाची मांडी गेली तर ते जास्त भरतं. डॉक्टरांनी तसं लिहिलंय. म्हणजे रक्कम वाढणार.

आनंदाचीच गोष्ट. मी हसलेपण. मग एसटीत खिडकीकडं तोंड करून आले.

१३ जुलै

विहारात गेले. सगळ्या खाली बसतात, मी एकटी खुर्चीवर. वंदनेला हात जोडले तर नजर सगळ्यांच्या डोक्यावरून थेट मूर्तीकडं. पुढून एक म्हातारी मागं वळली, म्हणाली, "पोरी, तुला तर बाल्कनीचं तिकीट भेटलं!" सगळं विहार हसलं.

बरं वाटलं. तीन दिवसांनी पहिल्यांदा भूक लागली.

६ ऑगस्ट

नवीनच कटकट. विमा कंपनी म्हणते, पगार दुकानाच्या रजिस्टरमधला धरा. रजिस्टरमध्ये आमचा पगार अर्ध्यापेक्षा थोडासाच जास्त लिहिलेला! सही त्या आकड्यावर, उरलेले पैसे पाकिटात — आमच्याकडं पहिल्यापासून असंच. पगार कमी धरला की भरपाईपण कमी. मग खरा पगार किती, हे सांगणार कोण? शेठ सांगतील कशाला — स्वतःचंच रजिस्टर खोटं ठरेल.

निकितानं सांगितलं. आज कोर्टात येऊन, शपथेवर. पिवळा ड्रेस घातला होता, आणि आवाज बघा — खणखणीत! "रजिस्टरमधला आकडा सहीपुरता हाय. मलाबी तसाच भेटतो, आमा सगळ्या पोरींना तसाच भेटतो." घोडीचंपण सांगितलं. "रोज मी धरते. त्या दिवशी मला बाजूला काढलं."

मी तिला बाहेर आल्यावर उचलायचंच बाकी ठेवलं. शेठ मागं उभे होते. मला वाटलं आता चिडतील. काहीच नाही! उलट आम्हा दोघींना उसाचा रस पाजला. निकितानं अर्धाच घेतला, तिला गोड आवडत नाही. शेठ तिला म्हणाले, "चल, दुकानात सोडतो." दोघं गाडीतून गेली. मी एसटीत बसून आख्ख्या रस्त्याला गुणगुणत आले.

२५ ऑगस्ट

निकिताला फोन केला. "कामात हाय गं, नंतर करते." तीन दिवस झाले हेच चाललंय. सणाची गर्दी असणार. माझ्यावाचून चालायलंय तर दुकान!

१३ सप्टेंबर

मिटलं! मिटलं! मिटलं!!!

लोकअदालत होती. कोर्टाच्या आवारात मांडव, टेबलं, खुर्च्या, माणसांचा बाजार. भांडणारे नवरा-बायको, बांधावरून भांडलेले भाऊ, आणि आम्ही. विमा कंपनीकडून एक तरुण साहेब आले होते, गंभीर चेहऱ्याचे. फाईल उघडली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा फाईलकडं. मग हळूच — "तुम्हीच ना त्या? फॉल फ्री आहे का वाल्या?" बबिताताईंनी लगेच सांगितलं, "साहेब, आधी रक्कम, मग सेल्फी."

थोडी ओढाताण झाली. त्यांनी एक आकडा सांगितला, ताईंनी दुसरा. पगार निकितानं सांगितला तोच धरला! टक्के डॉक्टरांनी लिहिले त्यापेक्षा थोडे खाली आले, पण आजच मिटतंय, अपील नाही, तारखा नाहीत. ताईंनी माझ्याकडं बघितलं, "तुझी मर्जी. घाई नाही." मी मान हलवली. आकडा इथं लिहीत नाही, आई म्हणते नजर लागते. एवढंच लिहिते, की मी ताईंना म्हणलं, "यात एक शून्य चुकून जास्त पडलं असेल, बघा."

मांडवातल्या न्यायाधीश बाईंनी विचारलं, "समजून सही करताय ना? कुणाचा दबाव?"

"नाही मॅडम. पेन चालत नाहीये फक्त."

खरंच चालत नव्हतं! त्यांनी स्वतःचं दिलं. सही केली. आख्खं वाचून. खाली दोन टिंबं.

आई रडली, दादानं सगळ्यांना भजी खाऊ घातली. आणि शेठ! मांडवाच्या बाहेर येऊन म्हणाले, "झालं गेलं विसर. घटस्थापनेला ये कामावर. तुझ्यासाठी खुर्ची आणतो. तू खुर्चीवर बसून दाखव, पोरी घड्या काढून देतील. लोक रोज येऊन विचारतात, ती कुठंय?"

नोकरीपण! पायपण! पैसेपण! एवढं सगळं एकदम मिळतं का कुणाला? निकिताला मेसेज केला, वीस-पंचवीस बदाम टाकून. तिनंपण टाकले. खाली लिहिलं, "सही केलीस ना? पक्की?" म्हणलं, पक्की!!

१८ सप्टेंबर

नवीन साडी नेसून बघितली. इरकल, हिरवी, लाल काठ. आरशासमोर उभी राहून स्वतःलाच विकली. घासाघीस केली नाही.

२१ सप्टेंबर

उद्या! सकाळच्या एसटीनं जाणार. आई म्हणाली, घोडीकडं बघायचंबी न्हाई. झोप लागत नाही, जयंतीच्या आदल्या दिवशी लागत नाही तशी.

२२ सप्टेंबर

खुर्ची खरंच आणलीय. निळी, चाकांची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निकिताच्या जागी एक नवीन पोरगी बसली होती. मी विचारलं, निकिता सुट्टीवर का? शेठ गल्ल्यात बघायला लागले. योगीभैया आत गेला. ती पोरगीच म्हणाली, "मी ऑगस्टपासून आहे ताई."

बाहेर येऊन फोन लावला. "कामून सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू तिथं सही केली असतीस?"

"नसती केली," म्हणलं.

"म्हणूनच," म्हणाली. रस पाजला त्याच दिवशी, गाडीतच सांगितलं म्हणे शेठनी तिला, उद्यापासून येऊ नको.

पर्स घेतली आणि निघाले. शेठ मागून, "अगं, सणाचं कुठं चाललीस?" थांबले नाही. निकिताच्या नोकरीचं बघायला बबिताताईंना फोन केलाय, त्या यायल्यात. आत्ता निकिताच्या दारात पाय लांब करून बसलेय. ती आत चहा ठेवायलीय. माझ्या साडीला नाव ठेवून हसायलीय.

मला हसू येईना.